विषय: ओल

अप्पा खुर्चीत एक पाय वर घेऊन बसतात.
"लिव. सेलमच्या सेल्वराजला लिव.
म्हणाव, आमचा आजा गंजगोलाईत पोत्यावर बसून तूर घ्यायचा,
तवापासून कुणी ट्रक परत धाडला नाही.
म्हणाव, तुझ्या पोरीच्या लग्नाला मी स्वतः आलतो,
इडल्या खाल्ल्या, आहेर केला.
अन् डाळीत ओल निघाली म्हणतोस, तर ती ओल
तुझ्याच गोदामातली असंल,
तिकडं समुद्र हाय."

सेलमला समुद्र नाही.
मी ते बोलत नाही. टाइप करते.

ट्रक नंबर, बिल नंबर, माल निघाल्याची तारीख.
निघताना ओल साडेदहा टक्के, लॅबचा कागद सोबत.
दोघांसमोर नमुना पुन्हा काढू, खर्च निम्मा-निम्मा.
शुक्रवारपर्यंत कळवावे.

"एवढंच?"
"एवढंच, अप्पा."
"अन् आजा?"

आजा काढला.
इडल्या काढल्या, आहेर काढला,
समुद्र तर आधीच काढला होता.

पहिल्या वर्षी मीही लिहायचे,
आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की.
कळवायचं असायचं की हमाल सुट्टीवर आहेत.
आनंद कुणालाच होत नव्हता.
औशाच्या एसटीत, खिडकीशी,
मी कालचे मेल मोबाइलवर उघडून बघायचे
आणि लाज वाटायची, पाहुण्यांपुढं
चहाआधी तासभर बोलत बसल्यासारखी.

खाली गिरणीत डाळ एका तोंडानं पडते,
चुणी दुसऱ्या.
चुणी कुणी फेकत नाही,
पोत्यात भरतात, म्हशींना जाते.
माझ्याही मशीनवर एक फोल्डर आहे, नाव चुणी.
अप्पांचा आजा तिथं आहे, मांडी घालून.
दुधनीच्या व्यापाऱ्याला घातलेल्या तीन शिव्या आहेत.
"देव बघून घेईल" अकरा वेळा आहे.
डबा खाताना कधीतरी वाचते.

गुरुवारी सेलमचं उत्तर आलं.
नमुना काढला. अकरा टक्के. माल उतरवतो.
खाली, जागा सोडून, एक ओळ:
अप्पांचा गुडघा कसा आहे?

ही ओळ मी असते तर काढली असती.

अप्पा प्रिंट काढायला लावतात, पडद्यावरचं खरं मानत नाहीत.
कागद लांब धरून त्यांनी खालून वाचायला सुरुवात केली,
गुडघ्यापासून.
बराच वेळ तिथंच होते.

त्याच आठवड्यात मी माझा मेल लिहिला.
विषय: पगाराबाबत.
घरातल्या घरात, समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मेल,
पण तोंडानं बोलले असते तर अम्मीचं आजारपण आलं असतं,
एसटीचं भाडं आलं असतं, शेवटी रडू.
मेलमध्ये "माफ करा" दोनदा होतं, काढलं.
"जमल्यास" काढलं.
"आपल्या कृपेने" काढताना बोट जरा थांबलं,
मग तेही काढलं.
चार वर्षं काम, दोन माणसांचं. वाढ व्हावी.
आपली, तहसीन पटेल, डिस्पॅच.

अप्पांनी प्रिंट काढायला लावली.
माझाच मेल मी प्रिंट करून त्यांच्या हातात दिला.
"लई कोरडं लिवलीस गं."
"डाळ कोरडीच टिकते, अप्पा."
ते हसले. चष्मा कपाळावर ढकलला.
"बरं. देतो वाढवून."

पहिल्या तारखेला बघितलं,
सातशे रुपये वाढले होते.

मेल पुन्हा उघडला. पुन्हा वाचला.
सगळ्या जगाला सांगते, आकडा आधी लिहा,
आकड्याशिवाय मेल म्हणजे नंबर नसलेला ट्रक,
आणि माझ्या मेलमध्ये आकडाच नव्हता.
कधी काढला, आठवेना.
"माफ करा"ला चिकटून गेला असेल.
चुणीत शोधला. तिथंच होता.

नवा मेल.
विषय: तीन हजार.